मागच्यांचा पाईप, आमचा प्लॉट: नौपाड्यातल्या एका ड्रेनेज लाईनचं प्रकरण

जेसीबीच्या बकेटमधून मातीबरोबर तपकिरी, चकचकीत तुकडे वर आले तेव्हा आधी वाटलं, कुणाची तरी लोणच्याची बरणी पुरलेली असणार. तसाच गुळगुळीत मुलामा, तसाच जाड काठ. मग खड्ड्यात साबणाचं पाणी यायला लागलं. सकाळचे साडेसात वाजले होते. आमची इमारत पाडून झाली होती, बाराही कुटुंबं भाड्याच्या घरांत गेली होती, प्लॉटवर एक नळसुद्धा चालू नव्हता. म्हणजे आंघोळ दुसरंच कोणीतरी करत होतं आणि पाणी आमच्या खड्ड्यात येत होतं.

ठाण्याच्या नौपाड्यातला आमचा प्लॉट. पूर्वी पागडीची तीन मजली इमारत होती. भाडेकरूंनी सोसायटी केली आणि २०१२ मध्ये मूळ मालकांकडून जागा रीतसर नावावर करून घेतली. आता स्वयंपुनर्विकास चालू आहे. बिल्डर नाही, कंत्राटदार आणि आर्किटेक्ट आम्हीच नेमलेले. मी सेक्रेटरी. ड्रेनेजमधलं मला तोवर एवढंच कळायचं की तुंबलं की प्लंबरला फोन करायचा.

आमच्या मागे सोळा फ्लॅटची दुसरी सोसायटी आहे. तिला पुढच्या रस्त्याला तोंड नाही. बाजूच्या अरुंद बोळातून जा-ये. तिथले चेअरमन म्हणजे अप्पा. वय ऐंशीच्या पुढे, आवाज अजून खणखणीत. माझ्या सासऱ्यांचे स्नेही, त्यामुळे मी सेक्रेटरी असले तरी त्यांच्यासाठी सूनबाईच.

पाणी कुणाचं, याचा संशय होता. खात्री प्लंबरदादांनी करून दिली. त्यांनी कपड्यांच्या निळीच्या दोन पुड्या आणल्या, बादलीत कालवल्या आणि पोराला मागच्या इमारतीत तळमजल्यावरच्या संडासात ती बादली ओतायला पाठवलं. स्वतः खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले, फोन कानाला. ‘सोडली?’ ‘सोडली.’ मिनिटभरात फुटक्या पाईपच्या तोंडातून आधी फिकट, मग गडद निळं पाणी आलं. दादा म्हणाले, ‘घ्या, लागला पत्ता.’

तासाभरात आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणे, तोंडात काँक्रीट ओता, मग येतील धावत. दुसरा म्हणे, आजच नोटीस पाठवा. आर्किटेक्टनी मात्र आधी पाणी चालू करा म्हणून सांगितलं. फुटलेल्या दोनेक मीटरच्या जागी पीव्हीसीचा तुकडा घातला, दोन्ही टोकांना सिमेंटचा लपेटा दिला आणि त्या अर्ध्या भागातली खोदाई थांबवली. सोळा घरांचं मैलापाणी अडवलं असतं तर दुसऱ्या दिवशी ते कोर्टात गेले असते आणि कोणत्याही न्यायाधीशाने आधी आमच्याकडेच डोळे वटारले असते. शिवाय स्टे आला असता तर? बारा कुटुंबांचं भाडं सरासरी सत्तावीस हजार धरलं तर महिन्याला सव्वातीन लाखांच्या आसपास. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. पुढच्या सात आठवड्यांत प्रत्येक वेळी कोणी ‘बघून घेऊ’ म्हणालं की तेच पान उघडून समोर धरायचे.

पाईप तिथे आला कसा, हे घरातच कळलं. सासूबाईंना विचारलं तर त्यांना सगळं आठवत होतं. मागच्यांची सेप्टिक टाकी आमच्या मालकांच्या विहिरीजवळ होती. नव्वदच्या दशकात ती झिरपायला लागली, विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला. रस्त्यात मलवाहिनी आलेलीच होती. मालक आणि अप्पा ओसरीवर बसले, चहा झाला, आणि मालक म्हणाले, माझ्या अंगणातून पाईप न्या, पण विहीर वाचवा. म्हणजे उपकार एकतर्फी नव्हता. कागद मात्र झाला नाही.

आणखी एक गंमत. आमच्या अंगणात ड्रेनेजची दोन चौकोनी झाकणं होती. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ती आमचीच समजत होते. त्यांच्यावर पापड वाळवलेत. एकदा त्यातलं एक चेंबर तुंबलं तर साफसफाईचे पैसे आमच्याच सोसायटीने भरले होते. ती दोन्ही झाकणं मागच्यांच्या लाईनवरची निघाली.

कागदपत्रांचा शोध घेतला, तो लवकर आटपतो. प्रॉपर्टी कार्डावर टिका नंबर, सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, धारकाचं नाव असतं. जमिनीखालून काय जातं ते नसतं. मागच्या इमारतीचा जुना मंजूर नकाशा माहितीच्या अधिकारात मागवला. दहा रुपयांचा अर्ज, उत्तराची मुदत तीस दिवस. त्यात सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा होता, आमच्याकडे येणारी रेघ नव्हती. आमच्या खरेदीखतातही पाईपचा उल्लेख नाही.

मग आम्ही वकीलबाईंकडे गेलो. आमच्या कमिटीतल्या एका काकांना ठाम वाटत होतं की कागद नाही म्हणजे हक्क नाही. बाईंनी १८८२ चा सुविधाधिकार कायदा काढला, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीच्या वापराच्या हक्कांचा. इतकी वर्षं पाईप जमिनीखाली आणि हा कायदा कपाटात, दोन्ही कुणाला आठवत नव्हते.

त्यांनी सांगितलेलं मी समजलं तसं लिहिते. दुसऱ्याच्या जमिनीतून पाईप नेण्याचा हक्क वीस वर्षांच्या वहिवाटीने मिळू शकतो, हे कलम १५. पण ती वहिवाट उघड, शांततेने, अखंड आणि ‘माझा हक्क आहे’ म्हणून केलेली असावी लागते. वीस वर्षं तर झालीच होती. लपूनछपून होतं असंही आम्हाला म्हणता आलं नसतं, झाकणांवर पापड होते. अडलं ते शेवटच्या अटीवर. अप्पांनी मोठ्या विश्वासाने त्यांच्या सोसायटीचं जुनं मिनिट्स बुक आम्हाला दाखवलं होतं, ‘बघ सूनबाई, सगळं नोंदलेलं आहे’ म्हणून. त्यात १९९६ च्या नोंदीत लिहिलेलं होतं: ‘शेजारील मालकांच्या तोंडी परवानगीने.’ बाईंनी त्या एका शब्दाखाली पेन्सिलने रेघ ओढली. परवानगीने जो वापर होतो तो हक्काने झालेला वापर नव्हे. स्वतःच्या बाजूचा म्हणून जो कागद अप्पांनी जपला होता, त्यानेच त्यांचा वीस वर्षांचा दावा पोकळ होत होता.

आमचे काका खुश झाले. पाच मिनिटंच. परवानगी म्हणजे कायद्याच्या भाषेत परवाना, आणि कलम ६० म्हणतं की परवान्याच्या भरवशावर समोरच्याने खर्च करून कायम स्वरूपाचं बांधकाम केलं असेल तर परवाना मागे घेता येत नाही. चेंबरसकट पुरलेला पाईप कायम स्वरूपाचा नाही असं कोण म्हणेल? त्यावर आमच्याकडून कलम ५९: परवाना देणाऱ्याने जमीन विकली तर घेणाऱ्यावर तो परवाना आपोआप बंधनकारक होत नाही. आम्ही २०१२ चे घेणारे. मग त्यांच्याकडून पुढचा मुद्दा, मग आमच्याकडून. बाई म्हणाल्या, ‘या केसमध्ये दोन्ही बाजूंनी मी उभी राहू शकते, आणि दोन्हीकडून पुष्कळ वर्षं फी घेऊ शकते.’ वकिलाच्या तोंडून इतकं प्रामाणिक वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

शिवाय जिंकूनही फार काही हाती लागणार नव्हतं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये आयुक्तांना असा अधिकार आहे की मैलापाण्याला दुसरी वाट नसेल तर जमीनमालकाचं म्हणणं ऐकून घेऊन त्याच्या जमिनीतून ड्रेन नेण्याची मुभा द्यायची. म्हणजे पुढच्या दाराने घालवलेला पाईप मागच्या दाराने परत येणार.

प्रश्न आता ‘दुसरी वाट आहे का’ इथे आला, आणि तो वकिलाचा राहिला नाही.

आमच्या लोकांची मागणी सरळ होती: त्यांना बोळ आहे ना, त्यांनी बोळातून न्यावा. ऐकायला एकदम रास्त. आर्किटेक्टनी एका शनिवारी सर्व्हेअर बोलावला. तिपाईवर ऑटो लेव्हल म्हणजे उंचीतला फरक मोजायची दुर्बीण, हातात स्टाफ म्हणजे आकड्यांची उंच पट्टी. अप्पांना मुद्दाम बोलावलं होतं. ते खुर्ची घेऊन बसले. प्रत्येक चेंबरचं झाकण उघडून स्टाफ आत उभा करायचा आणि इन्व्हर्ट मोजायचा. इन्व्हर्ट म्हणजे पाईपच्या आतला तळ, जिथून पाणी वाहतं ती रेघ. जमीन वरून कितीही सपाट दिसो, ड्रेनेजचा सगळा कारभार इन्व्हर्टवर चालतो.

बोळाच्या टोकाचं मॅनहोल मागच्यांच्या शेवटच्या चेंबरपेक्षा चाळीस सेंटिमीटर उंच निघालं. बोळ आपल्याला उतरता वाटतो, कारण पुढे गटाराकडे तो उतरतो. मलवाहिनी मात्र दुसऱ्या बाजूने येते. तिथून न्यायचं म्हणजे टाकी, पंप, पंपाची वीज, आणि वीज गेली की सोळा घरांचं काय ते विचारू नका. आमचे काका स्वतः लेव्हलच्या दुर्बिणीतून बघून आले आणि गप्प बसले. मला वाटतं, त्या दिवशी निम्मं भांडण संपलं. नोटिशीला उत्तर देता येतं, चाळीस सेंटिमीटरला काय देणार?

आता उलट बाजू. अप्पांचं म्हणणं, पाईप आहे तिथेच राहू दे, वर तुम्ही बांधा. त्यांना ते फार निरुपद्रवी वाटत होतं. पण जुनी लाईन प्लॉटच्या मधून तिरकी, बरोबर नव्या इमारतीच्या पायाखालून जात होती. दीडशे मिलिमीटरचा स्टोनवेअर, म्हणजे भाजलेल्या मातीचा मुलामा दिलेला पाईप, त्याचे सांधे सिमेंटचे. वर सात मजले आले, जमीन थोडी जरी दबली, की सांधे उघडणार. गळती पायाखाली, दिसणार कोणाला? आणि हक्काचा पाईप म्हटला की दुरुस्तीचाही हक्क आला. कलम २४ च्या उदाहरणात अगदी हेच आहे: पाईपचा हक्क असलेला माणूस दुरुस्तीसाठी शेजाऱ्याच्या जमिनीत शिरून खोदू शकतो, फक्त जमीन पूर्ववत करून दिली पाहिजे. मी अप्पांना विचारलं, ‘उद्या फुटला तर तुम्ही आमच्या पार्किंगची फरशी, त्याखालचा पाया खोदणार का?’ ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मग कुठून नेतेस ते सांग.’

पाईप हलवायचा तर बाजूच्या मार्जिनमधून, म्हणजे इमारत आणि कुंपणाच्या भिंतीमधल्या मोकळ्या पट्टीतूनच. इथे पुन्हा आकडे, आणि हे मी थोडे सावकाश सांगते, कारण सगळं प्रकरण शेवटी यांच्यावरच ठरलं.

मागच्यांचं शेवटचं चेंबर आणि रस्त्यातल्या मॅनहोलमध्ये आपला पाईप जिथे शिरतो ती जागा, या दोन इन्व्हर्टमधला फरक ६५० मिलिमीटर. जुन्या तिरक्या वाटेने अंतर ३३ मीटर. म्हणजे उतार साधारण १:५०, पन्नास मीटरला एक मीटर, उत्तम. नवी वाट मागच्या भिंतीलगत १२ मीटर, वळून बाजूच्या भिंतीलगत २९, मग रस्त्यात ३. एकूण ४४ मीटर. ६५० मिलिमीटरला ४४ मीटर म्हणजे १:६८. पण लांब लाईनला आणि वळणांना चेंबर लागतात. आम्हाला चार लागत होते, आणि प्रत्येकात पाणी रेंगाळू नये म्हणून पंचवीस मिलिमीटरचा ड्रॉप म्हणजे उतरण धरली. शंभर गेले. उरले ५५०. म्हणजे १:८०.

दीडशेच्या पाईपला मिस्त्री लोक १:६० धरतात. आर्किटेक्ट म्हणाले, १:१०० च्या पलीकडे जायचं नाही. त्याहून सपाट झालं की पाणी पुढे जातं आणि मैला मागे राहतो. आम्ही मधे होतो. चालणार होतं, पण ढिलाई चालणार नव्हती. एखाद्या चेंबरचा तळ चार सेंटिमीटर चुकला तरी त्या तुकड्याचा उतार १:१०० च्या पलीकडे जाणार. म्हणून करारात नुसती ‘पाईप बाजूने न्यावा’ अशी ओळ न लिहिता, प्रत्येक चेंबरची इन्व्हर्ट लेव्हल नकाशावर लिहून तो नकाशा कराराला जोडला. माझ्या मते संपूर्ण कराराचा सर्वांत कामाचा कागद तोच आहे.

मार्जिनमध्येही सुखासुखी जागा नव्हती. आमची जमिनीखालची पाण्याची टाकी नेमकी त्याच बाजूला आखली होती. पिण्याच्या पाण्याची टाकी आणि मैलापाण्याची लाईन एका अरुंद पट्टीत नको, म्हणून टाकी दुसऱ्या बाजूला नेली. नकाशात बदल, पुन्हा फाईल. शिवाय त्या मार्जिनमधून अग्निशमनाची गाडी जायला हवी, तेव्हा चेंबरना हेवी ड्यूटी झाकणं आणि जिथे पाईपवर माती कमी तिथे काँक्रीटचं वेष्टन.

खर्चावर तीन बैठका झाल्या. पाईप हलवणं आमच्या सोयीसाठी, तेव्हा आमच्या प्लॉटमधलं आणि रस्त्यातलं काम आमच्या खर्चाने. त्यांचं शेवटचं चेंबर नव्याने बांधायचं ते त्यांनी. पुढची देखभाल कायमची त्यांची, कलम २५ तसंच सांगतं. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च अप्पांनी आपण होऊन उचलला. आमच्या वाट्याला सव्वादोन लाख आले. ग्रुपवर कुरकुर सुरू झाली तेव्हा मी वहीचं पहिलं पान पुन्हा उघडलं: एका महिन्याचं भाडं सव्वातीन लाख.

करार पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून मोकळं होऊ, असं दोन्हीकडच्या कमिट्यांना वाटत होतं. वकीलबाईंनी साफ नकार दिला. स्थावर मालमत्तेत कायमचा हक्क निर्माण करणारा दस्त १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावा लागतो; नाहीतर पुन्हा तेच, आजची कमिटी गेली की उद्याची म्हणणार, आम्हाला काय माहीत. नोंदवताना एक पेच निघाला. मागच्या जमिनीचं कन्व्हेयन्सच झालेलं नव्हतं. जमीन अजून जुन्या बिल्डरच्या नावावर. मग हक्क घेणार कोण? पण सुविधाधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये जमिनीचा ‘मालक किंवा भोगवटादार’ असे शब्द आहेत, त्यामुळे सोसायटी भोगवटादार म्हणून सही करू शकली. मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डर पुढे आला नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा अर्ज करा, हे अप्पांच्या कमिटीला त्या निमित्ताने कोणीतरी पहिल्यांदा गंभीरपणे सांगितलं. दोन्हीकडे सर्वसाधारण सभेचे ठराव झाले. एवढा हक्क द्यायला नुसत्या कमिटीच्या सह्या पुरणार नव्हत्या.

दस्तातल्या अटी थोडक्यात अशा. भिंतीपासून एक मीटरची पट्टी. तिच्यावर आम्ही बांधकाम करायचं नाही, झाड लावायचं नाही. साफसफाईला त्यांनी आदल्या दिवशी सांगून यायचं, तुंबल्यास कधीही. खोदलं तर पेव्हर ब्लॉक होते तसे बसवून द्यायचे. जुन्या वाटेवरचा सगळा दावा त्यांनी सोडला. लाईनला फक्त घरगुती सांडपाणी. गच्चीचं पावसाचं पाणी जोडायचं नाही. ही शेवटची अट प्लंबरदादांनी सुचवली. पावसाळ्यात गच्चीचा पाईप गुपचूप ड्रेनेजला जोडायची खोड ठाण्यात घरोघरी आहे, आणि मग जुलैत चेंबरची झाकणं उचलली जातात.

आणि एक अट: लाईन फक्त सोळा फ्लॅटसाठी. याच्यावर अप्पा अडले. ‘आकडा कशाला?’ वकीलबाईंनी सुविधाधिकार कायद्याचं कलम २९ वाचून दाखवलं: हक्कदाराने आपल्या जागेत बदल करून दुसऱ्याच्या जमिनीवरचा भार वाढवायचा नसतो. अप्पांनी चष्मा पुसला, सही केली आणि म्हणाले, ‘माझ्या हयातीत सतरावा होत नाही.’

पावसाळ्यात रस्ता खोदायची परवानगी मिळत नाही, म्हणून जोडणीची सगळी घाई मे महिन्यात. लाईन आधी कोरडी टाकून घेतली, पाणी भरून गळती तपासली, आणि एका रविवारी दुपारी दोन ते पाच मागच्या इमारतीने नळ बंद ठेवले. दादांनी जुनं तोंड बंद करून नवं जोडलं. पोरगा पुन्हा निळीची बादली घेऊन वर गेला. या वेळी आम्ही चारही चेंबर उघडी ठेवून उभे होतो. पहिल्यात निळं आलं, दुसऱ्यात आलं, तिसऱ्यात यायला जरा वेळ लागला आणि माझ्या पोटात गोळा आला. मग तिथेही आलं. जुना पाईप पायाच्या आड येत होता तेवढा उपटून काढला, बाकीचा भरून टाकला. एक तुकडा मी ठेवलाय. खिडकीत त्यात कोरफड लावली आहे.

आमचा चौथा स्लॅब झाला. अप्पा गेल्या हिवाळ्यात गेले. आता त्यांच्या सोसायटीचं पत्र आलंय. त्यांचाही पुनर्विकासाचा विचार चालू आहे, चाळीसेक फ्लॅट होतील. पाईप दोनशेचा करता येईल का, आणि करारातल्या आकड्याचं काय करायचं, असं नव्या चेअरमननी विचारलंय. पत्राला उत्तर अजून लिहिलेलं नाही. येत्या शनिवारी लेव्हल घ्यायला माणूस बोलावलाय, त्यांनाही खुर्ची घेऊन या म्हणून सांगितलंय.